वुजू, ठसका आणि दहा सत्रांचं पॅकेज

गेल्या रमजानमध्ये खाला तरावीहला आल्याच नाहीत. मोहल्ल्यातल्या आम्ही बायका एका घरी जमतो, दरवर्षी पुढच्या सफमध्ये त्याच असतात. गुडघे दुखतात म्हणाल्या. ईदनंतर भांडी पुसता पुसता खरं कारण बाहेर आलं. खोकला आला, शिंक आली, सजद्यातून उठताना जोर लागला की थोडी लघवी होते. वुजू गेला, नमाज गेली, कपडे नापाक. चार बाळंतपणं झालेल्या या बाईने सहा वर्षं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणाच्या लग्नाला जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद!

ज्याची गळती थांबतच नाही अशा माणसाला हनफी फिकहमध्ये सवलत आहे, एका वक्ताला एक वुजू पुरतो. खालांचं तसं नाही, त्यांची गळती ठसक्यापुरती. मसला विचारावा तर समोर पुरुष. मग नमाजच चोरून, घाईघाईत.

मी त्यांना शहरातल्या एका क्लिनिकमध्ये नेलं. तिथे पाच मिनिटांत मशीनची जाहिरात हातात पडली. बायोफीडबॅक, दहा सत्रांचं पॅकेज. रक्कम म्हणजे खालांची शिलाईची दोन महिन्यांची कमाई. कुठला स्नायू, तो कसा आवळायचा, हे कुणी सांगितलं नाही. माझा राग यावर आहे.

मशीन खोटं नाही. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्याकडेही दाब मोजणारं साधन होतंच. बाई स्नायू आवळते, काटा हलतो, आपण बरोबर करतोय हे तिला दिसतं. बायोफीडबॅक म्हणजे एवढंच. पण स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या ६०० बायकांवर एक मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. नीट शिकवलेला व्यायाम एका गटाला, तोच व्यायाम अधिक मशीन दुसऱ्या गटाला. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही मशीन सरसकट वापरू नका म्हणतात. जिला स्नायू आवळताच येत नाही, तिच्यासाठी त्याचा विचार करावा. आधी व्यायाम, जाणकाराच्या देखरेखीखाली, किमान ३ महिने, दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ आवळण्या.

तो स्नायू आपल्या बायकांना ओळखीचा आहे. असरचा वुजू मगरिबपर्यंत टिकवायला जिने पोटातला वारा रोखून धरलाय, तिला तो माहीत आहे! तसंच आत आणि वर ओढायचं, काही क्षण धरायचं, पूर्ण सोडायचं. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत. बऱ्याच जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने उलटंच होतं. म्हणून एकदा तरी फिजिओथेरपिस्ट बाईने तपासून सांगायला हवं. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर मात्र आधी डॉक्टर.

नमाज पढणारीला हा त्रास होतच नाही, असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतो. पाठवणाऱ्यांना एवढंच सांगते, खालांची पाच वक्तांची नमाज पन्नास वर्षांत चुकलेली नाही. नमाज इबादत आहे, तिला फिजिओथेरपी कशाला बनवता?

आम्ही वेळापत्रक मात्र नमाजवरूनच घेतलं. फजर, जोहर, इशा, सलाम फिरवला की मुसल्ल्यावर बसूनच व्यायाम. शिकवणारी फिजिओ शेवटी तालुक्याला सापडली, दोन भेटी पुरल्या. तीन महिने झालेत. गळती पूर्ण थांबलेली नाही, कमी झालीय. परवा मिरच्या भाजताना खालांना जोरात ठसका लागला. मी बघत राहिले. त्यांनी नुसती मान हलवली, पाण्याचा अख्खा ग्लास प्यायला आणि त्याच वुजूवर जोहरला उभ्या राहिल्या.