बचत कुणाची, कष्ट कुणाचे?

मैत्रिणींनो, आरोग्याच्या संशोधनावर घातलेला रुपया राज्याला कितीतरी पटीने परत मिळतो, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. आजारपण घटले की कामाचे दिवस वाढतात, दवाखान्याचा खर्च वाचतो, उत्पादन वाढते. हे खोटे नाही. पण हा परत आलेला रुपया कुणाच्या घामातून येतो आणि कुणाच्या पदरात पडतो? हा प्रश्न आपणच विचारायला हवा. त्यासाठी आपल्याच गडचिरोलीचे उदाहरण घेऊ.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. खर्च किती? दर बाळामागे ५ डॉलर ३० सेंट.

संशोधनाने दाखवून दिले की गावातली बाई बाळ वाचवू शकते. सरकारने मात्र त्यातले नेमके एवढेच उचलले की बाई स्वस्तात मिळते! २०११ साली हा कार्यक्रम देशभर आशांवर सोपवला गेला. बाळाच्या घरी सहा भेटी, बाळंतपण घरी झाले असेल तर सात, आणि या सगळ्याचे मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीला ४२ रुपयेसुद्धा नाहीत. वर तिला म्हणायचे ‘स्वयंसेविका’. रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरला कोणी स्वयंसेवक म्हणते का? मग बाळ वाचवणारी बाईच तेवढी ‘सेवा’ कशी करते?

पैसा नाही, असे उत्तर ठरलेले आहे. पण काम करणारीला पुरती मजुरी न देता जी योजना स्वस्त दिसते, ती स्वस्त नसतेच. तिचा खर्च फक्त सरकारी वहीतून निघून आशाच्या घरात गेलेला असतो. योजना कामगारांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस २०१३ साली ४५व्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. तरी महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले. मार्च २०२४ मध्ये मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ पदरात पडली, ती लढून. कुणाच्या कृपेने नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. याच गडचिरोलीत, त्याआधी दहा वर्षे, १९८९ साली, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीचा त्रास, सारे अंगावर काढलेले. बाळ वाचवण्याच्या हिशेबात आई येते. बाळंतपण आणि नसबंदी सोडून तिचे स्वतःचे दुखणे कोणत्या हिशेबात येते?

ते कुठेच येत नाही, म्हणूनच बीडमध्ये जे घडले ते घडले. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. फडात ना पाणी, ना संडास, ना दवाखाना. २०१९ साली सरकारी समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. साखर किती झाली, उतारा किती पडला, याचे आकडे राज्याला पाठ असतात. या पिशव्या कोणत्या खात्यात मांडायच्या?

आपला विरोध संशोधनाला नाही. बायकांचे दुखणे उजेडात आणले तेही संशोधनानेच. आपला विरोध आहे तो अर्ध्या हिशेबाला. यापुढे कोणी आरोग्य-संशोधनाचा फायदा सांगायला आले, तर आपण तीन प्रश्न विचारू या. यात राबणाऱ्या बाईची मजुरी किती धरली? बाईच्या आजारपणात बुडालेले दिवस मोजले का? आणि वाचलेला पैसा तिच्या तपासणीवर, उपचारांवर खर्च होणार का?

उत्तर मिळेपर्यंत त्या बचतीला बचत म्हणू नका. ती बायकांची थकबाकी आहे, आणि ती आपण वसूल करणारच!