पाणी घेतल्याची नोंद होते. परत केल्याची कां होऊं नये?

आम्हीं महसूल खात्याच्या दप्तरांत उभी हयात घालविली. पाणीपट्टीच्या पत्रकांत कोणीं किती क्षेत्रास पाणी घेतलें याची नोंद बिनचूक होत असे; परंतु तें पाणी नदीस कोणत्या स्थितींत परत मिळालें, यास रकानाच नसे. हा रकाना ज्या देशानें ठेच खाऊन घातला, त्या स्वित्झर्लंडमधील एका डोंगरी गांवाची हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आल्प्स पर्वतांत सुमारें १,६०० मीटर उंचीवर झेरमाट हें गांव आहे. कायम वस्ती सहा हजारांच्या आंतबाहेर; पण बर्फावरील खेळांसाठीं हिंवाळ्यांत येणारे पाहुणे तिच्या कित्येक पट. सन १९६३ मध्यें तेथील पिण्याचें पाणी मैल्यानें दूषित होऊन विषमज्वराची सांथ उद्भवली. चारशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं, तिघें दगावलीं. पाणी राखण्याचा कायदा त्या देशांत १९५५ सालींच झाला होता. तथापि १९६५ सालीं शेंकडा १४ लोकांचेंच सांडपाणी शुद्ध होत असे. पुढें १९७१ सालीं कायदा कडक झाला, सरकारनें पैसा ओतला, आणि आज हें प्रमाण शेंकडा ९७ च्या वर आहे. नुसता कायदा छापून पाणी निवळत नाहीं, हा यांतील पहिला धडा होय.

डोंगरी गांवाची अडचण निराळी असते. मैला खाऊन पाणी शुद्ध करणारे सूक्ष्म जंतु थंडींत मंदावतात. पाहुण्यांची गर्दी त्याच दिवसांत. आणि ओढ्याची धारही, बर्फ न वितळल्यामुळें, त्याच दिवसांत बारीक. शिवाय सपाट जागा दुर्मिळ. झेरमाटनें आपलें केंद्र डोंगराच्या पोटांत खोदून बसविलें व तेथें अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून पाणी गाळण्याची सोय केली. खर्च मोठा खरा. परंतु तेथील पाणी व्हिस्पा नदीनें ऱ्होन नदीस व पुढें जिनेव्हाच्या सरोवरास मिळतें, आणि त्या सरोवराचें पाणी लाखों माणसें पितात.

हा खर्च लहान गांवानें कां सोसावा, असा आक्षेप येईल. ज्यानें पाणी मळविलें त्यानें भरावें, हें तत्त्व तेथील कायद्यांतच आहे. आमच्या मतें तें न्याय्य आहे. ज्या पाहुण्यांमुळें उत्पन्न येतें, त्यांच्याच मैल्याचा खर्च त्या उत्पन्नांतून निघावा. खालच्या गांवाच्या आरोग्यांतून नव्हे.

शेतकऱ्यासही यांतून सूट नाहीं. गोठलेल्या वा बर्फाच्छादित जमिनीवर शेणमुताचा राडा पसरण्यास तेथें मनाई आहे. निदान तीन महिन्यांचा सांठा मावेल एवढा हौद प्रत्येकास बांधावा लागतो. उलटपक्षीं, ज्याच्या गुरांचें व डुकरांचें खत आठ मोठ्या जनावरांइतकें होतें, त्यास घरचें सांडपाणी ठराविक अटींवर त्याच हौदांत सोडून शेतास देतां येतें. केंद्रांतील गाळ मात्र पूर्वीं खत म्हणून शेतांत जात असे, तो त्यांतील धातूंच्या व रासायनिक द्रव्यांच्या भयानें २००६ पासून बंद झाला. पिकास लागणारा फॉस्फरस वायां जाऊं नये म्हणून तो गाळांतून वा सांडपाण्यांतून परत काढण्याचें बंधन २०१६ सालीं घालण्यांत आलें. फुकट मिळतें म्हणून शहरचा गाळ शेतांत घेणाऱ्यांनीं, तो तपासल्यावांचून घेऊं नये, असें आमचें स्पष्ट सांगणें आहे.

ज्या वाचकांच्या नदीच्या उगमाशीं यात्रेचें वा हवा खाण्याचें ठिकाण असेल, त्यांनीं तेथील मैलापाणी कोठें जातें याची विचारपूस करावी, व उत्तर लेखी मागावें. पाणी घेणाऱ्याचें नांव दप्तरांत असतें. तें मळविणाऱ्याचेंही असलें पाहिजे.