नाव कोणासाठी ठेवावे?

बारशाला आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगतात. पुढे पत्रिकेतले नाव एक आणि हाकेचे दुसरे असले, तरी घरात कोणाचा घोटाळा होत नाही. संगणकाच्या जगात मात्र हा विवेक यावयास बराच काळ लागला.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ प्रणालीचा आरंभ केला. त्या वेळी आज्ञा द्यावयाच्या त्या टंकयंत्रासारख्या संथ यंत्रावरून. म्हणून नक्कल करण्यास ‘सीपी’ व हलविण्यास ‘एमव्ही’ अशी दोन-दोन अक्षरांची नावे पडली. जाणत्यांची सोय झाली. १९९१ साली सुरू झालेल्या आणि आज कोणालाही पाहता, वापरता व बदलता येणाऱ्या ‘लिनक्स’मध्येही ती वारशाने आली. पुढे पडद्यावर चित्रे आली, तरी नावे ठेवणाऱ्यांची हौस फिटली नाही. ‘ग्नोम’ या मुक्त प्रकल्पात कागदपत्रे पाहण्याच्या साधनाचे नाव होते ‘नॉटिलस’, म्हणजे शंखात राहणारा एक सागरी जीव!

आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाने परदेशी जाताना जुन्या संगणकावर अशीच एक प्रणाली बसवून दिली होती. नातवाची छायाचित्रे त्यातच होती. पण ती ‘नॉटिलस’मध्ये शोधावीत हे काकूंना कसे कळावे? “आता या वयात आम्हांला काय जमणार!” असे म्हणून त्यांनी संगणकावर कापड टाकले. दोष नावाचा होता. काकूंनी तो स्वतःकडे घेतला. आम्हांला खंत वाटते ती याची.

२०१२ साली ग्नोमच्या मंडळींनी ‘नॉटिलस’ला पडद्यावर ‘फाइल्स’ असे साधे नाव दिले. ‘एपिफनी’चे ‘वेब’ झाले. यातही अडचण आहेच. ‘फाइल्स बिघडल्या’ असे कोणी म्हटले, तर साधन बिघडले की कागदपत्रे? म्हणून जाणत्यांच्या व्यवहारात जुने नाव कायम राहिले. पत्रिकेतले एक, हाकेचे दुसरे. आपली जुनीच रीत ती.

आमच्या बडोद्यास हा विचार नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध झाला. प्रजेशी बोलावयाचे तर शब्द प्रजेला कळले पाहिजेत, ही त्यामागची जाण.

आज या मुक्त प्रणालींचे मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात, आणि त्यात कोणासही हातभार लावता येतो. ‘संचिका’ म्हणावे की ‘फाइल’, हा वाद तेथे पंडितांनी एकट्याने मिटवू नये. इंदूर, बेळगाव, हैदराबाद येथील घरांत जो शब्द खरोखर बोलला जातो, तोही तेथे पोहोचला पाहिजे. आपल्या घरातील तरुणांनी हे काम अवश्य हाती घ्यावे. प्रत्येक नाव आधी घरातल्या आजीला वाचून दाखवावे. ते ऐकून न विचारता तिला हवी ती वस्तू सापडली, तरच ते ठेवावे. एरवी नाव ठेवणाऱ्यालाच लोक नावे ठेवतील!