एकशेवीसचे यंत्र, दोनशेतीसची वीज

२०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या विक्रीची नोंदणी ‘कपास किसान’ नावाच्या मोबाइलच्या ॲपवर नेली. कापूस शेतात, शेतकरी रांगेत आणि रांग मोबाइलमध्ये, अशी नवी तऱ्हा सुरू झाली. नोंदणी करून देणारे गावातले केंद्र असो, उत्पादक कंपनीचे कार्यालय असो की जिनिंगचा वजनकाटा असो, वीज गेली की सगळे ठप्प. इन्व्हर्टर आहे तिथे दिवा लागतो, पण वीज जाता-येता जो झटका बसतो त्यात संगणक बंद पडतो आणि भरत आणलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. म्हणून गावोगावी आता यूपीएसची चौकशी होते आहे.

याच चौकशीतून बैठकांमध्ये एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. आपल्या गावची जी मुले कल्याण-डोंबिवलीकडे कामाला आहेत ती सांगतात की, मोठ्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले, रॅकमध्ये बसवायचे भारी यूपीएस भंगाराच्या भावात मिळतात. दोन माणसांनी उचलावे असे वजन, आत चार किंवा आठ बॅटऱ्या, घडण मजबूत. फक्त पाठीमागच्या पट्टीवर २३० ऐवजी १२० व्होल्ट लिहिलेले असते, कारण यंत्र अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेले. “आपल्या विजेवर चालेल का?”

जसेच्या तसे चालणार नाही. लावलेत तर पहिल्याच मिनिटाला आतले संरक्षणाचे भाग फुटतील आणि स्वस्तात मिळालेले यंत्र खरेच भंगार होईल. पिन बदलून आपली पिन लावली म्हणजे यंत्र आपले होत नाही.

मग मधे ट्रान्सफॉर्मर घातला तर? २३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो आणि काम होऊ शकते, पण त्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे विजेचे हेलकावे. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेची ६०. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, हेलकावे बदलत नाही. काही यूपीएस दोन्ही ओळखतात, त्यांच्या पट्टीवर ५०/६० असे छापलेले असते. ज्यावर नुसते ६० आहे ते आपल्या विजेला खराब वीज समजण्याची शक्यता मोठी. तसे झाले तर लाइन असूनही ते बॅटरीवरच चालत राहते आणि बॅटरी संपली की आडवे होते. ट्रान्सफॉर्मरही ५० साठी बनवलेलाच घ्यावा. केवळ ६० साठी बनलेला आपल्याकडे जास्त तापतो.

दुसरी गोष्ट, बाहेर पडणारी वीज. आत १२० घेणारे यंत्र बाहेरही १२० च देते. आजच्या बहुतेक संगणकांचे आणि राउटरचे अडॅप्टर १०० ते २४० पर्यंत काहीही पचवतात, तसे त्यांच्यावर लिहिलेले असते. पण पंखा, ट्यूबलाइट आणि छपाईचे लेझर यंत्र ही आपली २३० चीच. ती या यूपीएसवर जोडायची नाहीत. त्यांच्यासाठी बाहेर आणखी एक ट्रान्सफॉर्मर लावायचा म्हणाल तर दोन ट्रान्सफॉर्मरच्या किमतीत इथले नवे यंत्र येईल. म्हशीपेक्षा दावे महाग करण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट क्षमतेची. १५०० व्हीएच्या यूपीएसला १५०० चाच ट्रान्सफॉर्मर जोडू नये. बॅटरी भरण्याची वीजही त्यातूनच जाते. दोन हजारांहून कमी घेऊ नये.

याच जातीची २०८ व्होल्टची यंत्रेही येतात. ती कामाची निघू शकतात, कारण त्यांतल्या अनेकांत २०८, २२०, २३०, २४० यांपैकी दाब निवडायची सोय असते, कुठे पडद्यावर, कुठे मागच्या बारीक खटक्यांनी. पट्टीवर किंवा यंत्राच्या पुस्तकात २३० चा स्पष्ट उल्लेख असेल तरच घ्यावे, आणि काहीही जोडण्याआधी आकडा २३० वर आणावा. २०८ वरच राहिले तर ते आपली चांगली वीजही जास्त दाबाची समजून अडून बसते. बॅटऱ्यांना मात्र हौस म्हणून हात लावू नये. स्विच बंद केला तरी त्या जिवंत असतात आणि आठ जोडल्या की ९६ व्होल्ट होतात. जागाही सावलीची, हवेशीर असावी. अशा बॅटऱ्या २५ अंशांच्या हिशेबाने बनतात आणि दर दहा अंशांना त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते. पत्र्याच्या खोलीतला विदर्भातला मे महिना त्यांना सोसत नाही.

इथपर्यंत सगळे वायरमनचे काम झाले. खरी अडचण पुढे आहे. हा सगळा हिशेब लाइनवर २३० आहेत असे धरून केला. आपल्या गावात २३० असतात कधी? डीपीपासून लांबच्या टोकाला, पंप सुरू असताना, १७० पर्यंत उतरलेला दाब आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ट्रान्सफॉर्मर प्रमाणात काम करतो. २३० चे १२०, तसे १७० चे जेमतेम ८९. एवढ्यावर यूपीएस वीज आल्याचेच मानत नाही किंवा मानून सोडून देते, दिवसातून वीस वेळा बॅटरीवर जाते आणि बॅटरी वर्षभरात मरते. रात्री पंप बंद झाले की दाब उलट चढतो. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर विचारायलाच नको, एका फेजच्या घरात चारशेच्या आसपास व्होल्ट शिरू शकतात. मग १२० चे यंत्र काय आणि २३० चे काय, दोन्ही सारखीच जळतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडून अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा ओढून न्यायला जमीनही साथ देत नाही.

दाब बदलायचा म्हणजे काय करावे लागते, याचा सगळ्यात मोठा दाखला ज्या डोंबिवलीहून आपली मुले या यंत्रांची बातमी देतात, त्याच डोंबिवलीच्या रुळांवर आहे. मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला सुरू झाली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढे १९३० पर्यंत ती वीज डोंबिवली-कल्याणवरून पुणे आणि इगतपुरीकडे गेली. या कामासाठी रेल्वेने डोंबिवलीच्या शेजारी ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले होते. आज ते बंद आहे. नंतर १९५७ साली देशाच्या रेल्वेने २५ हजार व्होल्टची वीज स्वीकारली आणि मुंबई जुन्या दाबावर एकटी राहिली.

२५ हजार कशासाठी? तेवढेच काम कमी दाबावर करायचे तर तारेतून प्रवाह जास्त न्यावा लागतो. १५०० च्या जागी २५ हजार झाले की प्रवाह सोळाव्या हिश्शाच्या आसपास येतो. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून बचत त्याहून कितीतरी मोठी. लांबच लांब बारीक तारेवर डझनभर पंप ओढणाऱ्या आपल्या डीपीचा रोग नेमका हाच आहे, फक्त मापे वेगळी.

हा बदल रेल्वेने कसा केला ते पाहण्यासारखे आहे. एका रात्रीत तार बदलून गाड्या जाळल्या नाहीत. आधी दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने आणि दोन्ही दाबांवर चालणाऱ्या लोकल आणल्या, जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात पैसा उभा केला, तुकड्या-तुकड्याने तारा बदलल्या. २०१२ साली पश्चिम रेल्वे पुरी झाली, जून २०१५ मध्ये डोंबिवलीची मेन लाइन, एप्रिल २०१६ मध्ये हार्बर. या सगळ्या वर्षांत डोंबिवलीच्या प्रवाशाला कुणी म्हटले नाही की येताना आपला ट्रान्सफॉर्मर घेऊन ये.

त्या प्रवाशाचा आम्हाला हेवा नाही. दाराला लटकून जाणाऱ्यांत आपलीच पोरे आहेत आणि त्यांचे हाल आम्ही जाणतो. पण एका बाजूला दाब बदलायचा तर सगळी जबाबदारी वीज पुरवणाऱ्याची, आणि दुसऱ्या बाजूला दाब कोसळला तर स्टॅबिलायझर शेतकऱ्याचा, कॅपॅसिटर शेतकऱ्याचा, जळालेल्या मोटरचे रिवाइंडिंग शेतकऱ्याचे आणि आता यूपीएसची बॅटरीही शेतकऱ्याचीच, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

उपाय माहीत नाही असेही नाही. २०१८ साली राज्य सरकारने उच्चदाब वितरण प्रणाली आणली. उच्चदाबाची तार शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. विचार रेल्वेच्याच जातीचा आणि बरोबर होता, पण ती योजना प्रलंबित नव्या जोडण्यांसाठी होती. जुन्या लांब लाइनी होत्या तशा राहिल्या. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकारने आपल्याकडे घेतले. बिल शून्य झाल्याने १७० चे २३० होत नाहीत. उलट जो पैसे देत नाही त्याची तक्रार कोण ऐकतो, हा अनुभव येऊ लागला आहे.

१९५६ च्या वीज नियमांनी घरगुती दाबाच्या विजेत सहा टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नको असे सांगितले होते. म्हणजे सुमारे २१६ ते २४४. २००३ च्या वीज कायद्याने ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच दिला. तिथे “व्होल्टेज फार कमी असते हो साहेब” म्हणून चालत नाही, आकडे लागतात.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. गावात एक साधा मीटर आणावा आणि वायरमनच्या हाताने सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन वेळा महिनाभर नोंदी घ्याव्यात. एक जागा डीपीजवळची, एक शेवटच्या टोकाची. तारीख, वेळ, आकडा आणि त्या वेळी पंप सुरू होते की बंद, एवढे वहीत लिहावे. जळालेल्या मोटरच्या रिवाइंडिंगची पावती त्याच वहीत चिकटवावी. १२० चा यूपीएस कुणी फुकट देत असेल तर पट्टीवरचे आकडे उतरवून आणावेत, पण महिन्याच्या नोंदी हातात येईपर्यंत विकत कुणी घेऊ नये. वह्या पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणाव्यात. अर्ज तिथेच भरू.