सुतक नसलेलं दुःख

घरातलं माणूस गेलं की आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. दहा दिवसांचं सुतक, शेजारणीकडून आलेला पिठलं-भात, भेटायला येणारी माणसं, तेरावा. पण ठरलेलं लग्न मोडलं, किंवा जिवापाड जपलेला माणूस सोडून गेला, तर? तेव्हा भेटायला कुणी येत नाही. ‘झालं गेलं विसर, कामाला लाग’ एवढं सांगून सगळे मोकळे!

म्हणूनच मला घरगुती बैठकीतली विरहाची गाणी फार मोलाची वाटतात. कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी, पंचवीस-तीस माणसं, पेटी, तबला, तानपुरा. माइक नाही. (आणि निवेदकही नको बाई! प्रत्येक शेराचा अर्थ समजावून सांगताना गाण्यातलं दुःख पार वाळवून टाकतात.) माइक नसला की गायिकेला आवाज फेकावा लागत नाही. ठुमरीत ‘बोल बनाव’ म्हणतात तो अशा खोलीतच खरा कळतो. बोल तोच, पण एकदा त्यात रुसवा, एकदा विनवणी, एकदा नुसता थकवा. दुखावलेलं मन तरी दुसरं काय करतं? तेच ते पुन्हा पुन्हा. घरचे म्हणतात, ‘किती वेळा तेच?’ बैठकीत त्यालाच दाद मिळते.

आमच्या मुली यावर वाद घालतात. म्हणतात, ‘त्या गाण्यांतली बाई नेहमी वाट बघत रडणार, आणि तो खुशाल हिंडणार. लिहिलंय कुणी? बहुतेक पुरुषांनीच ना?’ मुद्दा खोटा नाही. पण शब्द कुणाचेही असोत, कुठल्या शब्दावर किती थांबायचं, ते गाणारीच ठरवते. आपल्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी बसून अदा करायच्या, तेव्हा त्यातली तक्रार लिहिणाऱ्याची उरायची नाही, ती त्यांची व्हायची.

आणि गाणं बंद केल्यावर काय होतं, ते बेगम अख्तर यांच्या आयुष्यात दिसतं. 1945 मध्ये लखनौच्या बॅरिस्टर अब्बासींशी लग्न झालं आणि गाणं थांबलं. घरंदाज सुनेनं गायचं कसं? पुढे बाई आजारी पडल्या, मन खचलं. अखेर 1949 मध्ये लखनौ रेडिओवर त्या पुन्हा गायल्या, आणि मग 1974 मध्ये जाईपर्यंत गातच राहिल्या. त्यांचा तो फाटणारा सूर ऐकायला लोक जीव टाकायचे. औषध कुठलं लागू पडलं, ते आणखी कुणी सांगायला हवं का?

तुमच्या ओळखीत अशी एखादी असेलच, जिचं दुःख कुणी मोजलं नाही. पुढच्या बैठकीला तिला बोलवा. ‘तुला गजल कळते का गं?’ असं विचारत बसू नका. भिंतीला टेकून बसायला जागा द्या. डोळे पुसताना दिसली, तर पाण्याचा तांब्या नुसता तिच्याकडे सरकवा.