टॉवरची झोप आणि आपली मोटार



परवा यावल तालुक्यातल्या एका केळीबागेत एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने मला अडवले. "साहेब, पोरगं म्हणतं, मोबाईलचा टॉवर वीज वाचवायला रात्री झोपतो. मी रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला एकटा शेतात. जनावर डसलं, तर १०८ ला फोन लागायचा कसा?"

नानांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर सर्वांसाठीच देतो.

टॉवरवर जी रेडिओ-यंत्रे असतात, त्यांतला लहरींना जोर देणारा भाग सर्वांत जास्त वीज खातो. गिऱ्हाईक नसले तरी दुकानात दिवा जळत ठेवावा, तसे कोणी बोलत नसतानाही 'मी येथे आहे' हा संकेत त्याला सोडावा लागतो. ४जी यंत्र तो दर सेकंदाच्या हजाराव्या भागात सोडते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ५जीत तो साधारण वीस पट उशिराने सोडला तरी चालतो. मधल्या वेळात यंत्र डुलकी घेते.

दुसरी युक्ती अशी. एका टॉवरवर अनेक लहरपट्टे असतात. मध्यरात्री बोलणारे कमी झाले, की जादा पट्टे बंद होतात आणि दूरवर पोहोचणारा मूळ पट्टा जागा राहतो. गर्दी वाढली, की बाकीचे आपोआप उठतात. घर झोपले तरी ओसरीवर एक जण जागा असतो, त्यातलाच हा प्रकार. त्या वेळी चित्रफीत अडखळेल, पण साधा फोन लागला पाहिजे.

मग रेंज पार जाते ती का? बहुतेक वेळा गावची वीज गेलेली असते, टॉवरची बॅटरी उतरलेली असते आणि जनरेटर चालू झालेला नसतो. ही झोप नव्हे, हयगय आहे. तिची तक्रार कंपनीकडे जरूर करा. उलट वाचवलेल्या विजेमुळे तीच बॅटरी जास्त तास टिकते. म्हणजे ही बचत रात्री शेतात असणाऱ्याच्याच कामाची आहे.

तरीही आपण सावध असावे. फोन पूर्ण चार्ज करून, बॅटरी व गमबूट घेऊनच शेतात जा. घरी सांगून जा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी ११२ लावून पाहा. तो फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो.

आता आपल्या मोटारीचे पाहू. टॉवर गरजेपुरता जागतो. आपली ऑटोस्विचची मोटार मात्र, गरज असो नसो, वीज येताच धावते. एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठल्या, की रोहित्र जळते आणि ऐन उन्हाळ्यात बाग वाळते. तेव्हा ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. यंत्राला जमते ते आपल्यालाही जमेल.