पायाखालचा गारवा

मैत्रिणींनो, एप्रिल-मे आला की सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी भर दुपारी पत्र्याखाली बसून विड्या वळतात. कूलरला पाणी कुठून आणायचं अन् एसीचं बिल कुणी भरायचं?

आपल्या आज्या-पणज्या ज्वारी पेवात साठवायच्या. जमिनीच्या पोटात वरचं ऊन सहजी पोचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पंधरा-वीस फुटांखाली तर बारा महिने तापमान जवळजवळ सारखंच असतं.

याच गुणावर स्वीडनसारख्या थंड देशात लाखो घरं ऊबदार राहतात. काही ठिकाणी खोल बोअर घेतात, तर जागा असेल तिथे अंगणात चार ते सहा फुटांचे चर खणून प्लॅस्टिकचा पाइप आडवा अंथरतात. त्यातून न गोठणारं पाणी फिरतं आणि पंप जमिनीतली ऊब घरात आणतो. हीच यंत्रणा उलटी चालवली की घरातली उष्णता जमिनीत सोडता येते. आपला फ्रिज नाही का, आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकत? तसंच!

पण घाई नको. एक टनाच्या यंत्राला साधारण चार-पाचशे फूट पाइप लागतो. दोन खोल्यांच्या घराला एवढं अंगण कुठलं? शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पाइपाला माती चिकटून नसेल, ओल नसेल, तर उष्णता नीट जिरत नाही. पाइप पुरण्याआधी दाब देऊन गळती तपासावी लागते. पंपाला वीजही लागतेच.

म्हणून हे एकट्या-दुकट्या घराचं काम नव्हे, वसाहतीचं आहे. कुंभारीच्या रे नगरमध्ये कामगारांसाठी ३० हजार घरांची योजना झाली. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. एवढी मोठी वसाहत उभी राहते तेव्हा पाण्याचे, गटाराचे चर खणले जातातच. त्याच वेळी मोकळ्या मैदानाखाली पाइप घालून निदान पाळणाघर, दवाखाना थंड ठेवता येईल का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्यायला काय हरकत आहे? एकदा फरशी पडली की पुन्हा कोण उकरणार!

घराचे नकाशे ठरतात तेव्हा आपल्याला फक्त ओटा कुठे हवा, एवढंच विचारतात. दिवसभर त्या घरात आपणच असतो ना? मग पुढच्या वसाहतीच्या बैठकीला जरूर जा, अन् गारव्याचं काय, हे उभं राहून विचारा.